नखं पुढे करा

आंघोळ करायला नकार दिला म्हणून वसतिगृह सोडावं लागलेल्या एका मुलाचं नाव आज सातारा-सांगलीतल्या कितीतरी शाळा-कॉलेजांच्या पाट्यांवर आहे. कर्मवीर भाऊराव पायगोंडा पाटील. जन्म १८८७ चा, कुंभोजचा; घराणं वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. १९०८ च्या सुमाराला ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होते. तेव्हा कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचं वसतिगृह निघालं आणि त्या समारंभाला भाऊराव जाऊन आले. परतल्यावर बोर्डिंगची व्यवस्था पाहणाऱ्या अण्णासाहेब लठ्ठे यांनी सांगितलं, आधी आंघोळ, मग जेवण. भाऊराव अडून बसले. आंघोळ काही केली नाही, आणि बोर्डिंगमधून नाव गेलं. पुढे शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवून निवृत्त झाले आणि आता सांगलीच्या विश्रामबागेत राहते. आमच्या सोसायटीतल्या मुलींची, म्हणजे आता आया झालेल्या मुलींची, संध्याकाळी बाकावर एकच रड असते. "बाई, हा ब्रश नुसता ओला करून ठेवतो आणि केला म्हणून सांगतो." "आंघोळीला जा म्हटलं की ह्याच्या पोटात दुखतं." मी त्यांना भाऊरावांची गोष्ट सांगते. त्या हसतात आणि म्हणतात, "ते कर्मवीर झाले हो बाई, आमचा नुसताच घामट राहील." म्हणून ही जरा लांबण लावते आहे. आपल्या भागात पोरांना स्वच्छ कोण ठेवत होतं, हे जेवढं पाहिलं, ऐकलं आणि वाचलं त्यावरून माझं म्हणणं एवढंच आहे, की हे काम एकट्या आईच्या गळ्यात कधीच नव्हतं. आळीचं होतं, बलुतेदाराचं होतं, पुढे बोर्डिंगचं आणि शाळेचं झालं. न्हाणीघराला आतून कडी आली आणि ते आई आणि मूल या दोघांचं भांडण होऊन बसलं.

माझं लहानपण तासगाव तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं. परसात एक सपाट धोंडा, कमरेइतकी भिंत, पुढं गोणपाटाचा पडदा, ही आमची न्हाणी. पाणी वाहून अळवाला जायचं. चुलवणावर मोठं पातेलं चढलेलं. गडीमाणसं उरकली की पोरांची पाळी, आणि ती एकेकट्याची नसायची. चुलत-मावस धरून चार-पाच जणांना एकदम धोंड्यावर उभं करायचे. लाइफबॉयची लाल वडी दोऱ्यानं कापून तिचे दोन तुकडे केलेले. एक धुण्याला, एक आमच्या अंगाला. आई पाणी ओतायची, काकू घासायची, आणि घासायला जे हाताला येईल ते, कधी वज्री, कधी नारळाची शेंडी. जो रडेल त्याच्या डोक्यावर पहिला तांब्या. पळून जायला जागा होती, पण पळून जाणार कुठं? ओला, उघडा पोरगा गल्लीत दिसला की शेजारची कुठलीही बाई बखोट धरून परत आणून सोडायची. येरळेला पाणी असलं की मुलगे थेट नदीवर. त्यांना बाहेर काढणं अवघड व्हायचं, आत घालणं नाही.

आजीची आंघोळ मात्र निराळी होती. शाळेतून आलो की कपडे बदला, हातपाय धुवा, मगच आत या. मयताला जाऊन आलं की न्हा, केस कापले की न्हा. पण मानेवर मळाचं काळं पुट चढलंय, कानामागं वाळलेला साबण आहे, याचं आजीला काही नव्हतं. तिला विटाळ दिसायचा, मळ दिसायचा नाही. मळ बघणं आईकडं. हा फरक लहान वाटतो, पण भाऊराव नेमके याच ठिकाणी अडून बसले होते. त्या दिवशी त्यांच्या अंगाला धूळ लागली होती की नाही हे कुणी विचारलंच नव्हतं.

नखं आणि केस ही खाती न्हाव्याकडं. तो बलुतेदार, सुगीला खळ्यावरून त्याचं धान्य जायचं, त्यामुळं प्रत्येक वेळी पैशाचा विषय नाही. तो धोकटी घेऊन दारात आला की मुलगे माळ्यावर, कणगीमागं, गोठ्यात. एकेकाला ओढून आणायचं. तो पोराचं डोकं दोन गुडघ्यांत धरायचा, पाण्याचा हात फिरवायचा आणि वस्तरा चालवायचा. मग त्याच बैठकीत नराणीनं हातापायाची नखं. रडण्याकडं लक्ष द्यायचा नाही आणि रागवायचाही नाही, सगळ्या गावच्या गोष्टी सांगत राहायचा. आईनं नखं कापायला घेतली तर जे पोरगं घर डोक्यावर घ्यायचं, ते त्याच्या गुडघ्यांत गप्प. तो परका होता आणि त्याला ह्या पोराशी काही सिद्ध करायचं नव्हतं, हे त्याचं मोठं भांडवल.

मुलींची डोकी आईकडं. रविवारी दुपारी उंबऱ्यात बसायचं, मांडीवर पांढरं फडकं. आधी खोबरेल चोपडायचं, मग दोन्ही बाजूंनी बारीक दात असलेली लाकडी फणी मुळापासून टोकापर्यंत ओढायची. फडक्यावर उवा पडल्या की अंगठ्याच्या दोन नखांमध्ये धरून टक् असा आवाज. लिखा फणीला येत नाहीत; त्या केस चिमटीत धरून एकेक ओढाव्या लागतात. काही घरांत सीताफळाच्या बियांची पूड तेलात कालवून लावायचे, तेव्हा डोळ्यांवर घट्ट पट्टी, कारण ती पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला मोठी इजा होते. मग दुसऱ्या दिवशी शिकेकाई. आणि एकाच घराच्या उवा काढून उपयोग नसतो, हे बायकांना कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. म्हणून उंबऱ्यात शेजारच्या पोरीही रांगेत. उवांचं गुपित नव्हतं, त्यामुळं लाजही नव्हती. आज शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर 'कुणाच्या तरी डोक्यात उवा आहेत' एवढा निरोप आला तरी चार दिवस संशयाचं वातावरण राहतं.

हे सगळं गोड गोड वाटत असेल तर थांबा. ही आळी सगळ्यांची नव्हती. त्याच गावात काही घरांच्या पोरांना घाण म्हणायचे, आणि त्यांच्या आयांना विहिरीवर चढू द्यायचे नाहीत. पाणी कुणीतरी वरून ओंजळीत, घागरीत ओतेल तेव्हा मिळायचं. प्यायचं पाणी असं मागून आणणाऱ्या घरात पोराची आंघोळ कितव्या नंबरला येणार? भाऊरावांनी लहान असताना अशाच एका विहिरीचा रहाट मोडून टाकल्याची गोष्ट त्यांच्या चरित्रांतून सांगतात. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच्या आधीच्याच महिन्यात, २५ फेब्रुवारीला, साताऱ्यात गांधीजींच्या हस्ते, भाऊरावांनी सगळ्या जातींच्या मुलांसाठी काढलेल्या बोर्डिंगला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं होतं. पोरांच्या स्वच्छतेच्या इतिहासात मी या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवते. स्वच्छतेचे धडे लिहिणाऱ्यांनी पाण्याचा हिशोब बहुतेक वेळा गाळलेला आहे.

आमच्या विश्रामबागेत डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं विलिंग्डन कॉलेज १९१९ साली निघालं. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला कऱ्हाडजवळच्या काले गावात भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली. एकीकडं बी.ए. व्हायला आलेली मुलं, दुसरीकडं घराण्यात पहिल्यांदा पाटी हातात धरणारी. भाऊराव त्याआधी किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांची काच विकायला गावोगाव हिंडलेले होते. कुठल्या घरात काय आहे आणि काय नाही हे त्यांनी फिरून पाहिलं होतं. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली आणि तिथं सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग सुरू झालं. पाणी भरायचं मुलांनी, भाकरी थापायच्या मुलांनी, झाडायचं मुलांनी, कपडे धुवायचे मुलांनी. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी या पोरांसाठी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं. १९३० मध्ये त्या गेल्या. जेवणासाठी दागिने मोडले हे सगळे सांगतात. दुसऱ्यांच्या इतक्या पोरांची खरूज, उवा, ताप हे सगळं घरात घेणं म्हणजे काय, हे ज्या बाईनं चार पोरं वाढवली आहेत तिलाच कळेल.

माझे एक मामा कऱ्हाडकडच्या एका वसतिगृहात राहिले होते. त्यांच्या तोंडून जे ऐकलं ते असं. पहाटे विहिरीवर जायचं, जोड्या पाडलेल्या. एकानं पोहऱ्यानं पाणी शेंदायचं, दुसऱ्यानं घ्यायचं, मग उलट. पाठ आपली आपल्याला घासता येत नाही, म्हणून जोडीदाराची पाठ चोळायची. कोण कुणाचा जोडीदार हे ठरवून बदलत असत, आणि त्यात जातीचा विचार करायचा नाही हाच मुद्दा होता. एकच सदरा असलेली मुलं बरीच. रविवारी मोठ्या हंड्यात धुण्याचा सोडा टाकून सगळ्यांचे कपडे उकळायचे आणि ते वाळेपर्यंत लंगोटावर बसून पाढे म्हणायचे. उवा झाल्या की सगळेच चकोट. एकट्याची हजामत केली तर त्याची चेष्टा होते. सगळ्यांची केली तर ती वसतिगृहाची पद्धत होते. मामांना घरी आंघोळीचा इतका कंटाळा, की आजोबा त्यांना बैलाबरोबर ओढ्यात ढकलायचे. वसतिगृहात त्यांनी कधी टाळली नाही. "टाळणार कशी? जोडीदार तसाच राहिला असता," एवढंच ते म्हणायचे.

औंधच्या संस्थानात गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे भोक्ते. रोज स्वतः घालायचे, त्यावर पुस्तक लिहिलं, आणि संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे केले. आटपाडी, कुंडल, किर्लोस्करवाडी ही आज सांगली जिल्ह्यात असलेली गावं तेव्हा औंधातच होती. राजा स्वतः करतो म्हणून प्रजेनं करावं, हा विचार मला 'मी सांगतो म्हणून कर' यापेक्षा कधीही बरा वाटतो. पण सक्ती ती सक्तीच.

आमच्या शाळेत सक्तीचं रूप म्हणजे सोमवारची तपासणी. प्रार्थना संपली, प्रतिज्ञा संपली की गुरुजींचा आवाज: "नखं पुढे करा." दोन्ही हात पालथे. गुरुजी पट्टी घेऊन एका टोकापासून निघायचे. त्यांच्या पुढं रांगेत जी लगबग चालायची ती वर्णन करण्यासारखी आहे. कुणी दातानं नखं कुरतडतोय, कुणी हात पाठीमागं नेऊन भिंतीच्या दगडावर घासतोय, कुणी बाभळीच्या काट्यानं मळ काढतोय. रुमाल आहे का हेही बघायचे. मग मुलींच्या रांगेत एकच रुमाल पाठीमागून हातोहात सरकत सरकत गुरुजींच्या बरोबर चालायचा. गुरुजींना ते कळत असावं असं आता वाटतं, कारण रुमालाच्या कडेला विणलेला गुलाब दर वेळी तोच असायचा. ज्यांना पट्टी बसायची त्यांची नावंही दर वेळी तीच असायची. आई पहाटे रोजगाराला जाणारी, विहीर लांब, घरात थोरलं कुणी नाही. पट्टीनं त्यांची नखं कमी झाली नाहीत. सोमवारची हजेरी कमी झाली.

हे मी पुढं जत तालुक्यात शिकवायला लागले तेव्हा जवळून पाहिलं. १९७२ चा दुष्काळ. आया-बाप खडी फोडायला, पोरं शाळेत सुकडीच्या वेळेला न चुकता हजर. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत पुरळ. रात्रभर खाजवून रक्त काढलेलं. खरूज. एका आईला मी म्हटलं, पोराला आंघोळ घालत जा. ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "बाई, प्यायाला हंडाभर न्हाई, आन् ह्याला कशानं न्हाऊ घालू?" खरूज ही बारीक किड्यांनी होते, ते कातडीत बिळं करतात, आणि अंगाला अंग लागून पसरते, एका अंथरुणात झोपणारं सगळं घर तिच्या तडाख्यात सापडतं. सरकारी दवाखान्यातून पांढरं औषध मिळायचं. ते मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, घरातल्या सगळ्यांनी, एकाच दिवशी. कपडे-पांघरुणं उकळायची किंवा कडक उन्हात टाकायची. एकट्या पोराला लावलं तर आठवड्यात परत येरे माझ्या मागल्या. म्हणून वर्गातल्या पोरांना चिठ्ठ्या देण्याऐवजी वस्तीवरच्या थोरल्या बायकांना गाठावं लागायचं. त्यांनी मनावर घेतलं की एका रविवारी अख्खी वस्ती पांढरी. आज म्हैसाळ योजनेनं कृष्णेचं पाणी जतकडं चढवलंय. पाटात उड्या मारणारी पोरं दिसली की मला त्या बाईची आठवण होते.

वर्गात मी एक बादली, एक तांब्या आणि दोरीला टांगलेला साबण ठेवला होता. दोरीला अशासाठी, की साबणाला पाय फुटतात. नखं कापायला नराणी नव्हती, अर्ध्या ब्लेडवर चालायचं, ते मी स्वतः करायची.

यात माझं नवं काही नव्हतं. भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी हे कितीतरी आधी केलेलं, आणि त्यांच्याही आधी रोममध्ये मारिया माँटेसरी यांनी. १९०७ मध्ये गरीब वस्तीत त्यांनी बालगृह काढलं. तिथं एकदा त्यांनी मुलांना नाक कसं शिंकरायचं हे दाखवलं. रुमाल कसा काढायचा, आवाज न करता, कुणाला दिसणार नाही असं नाक कसं पुसायचं, सगळं सावकाश. त्यांना वाटलं होतं पोरं हसतील. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेंबड्या म्हणून त्यांना जन्मभर सगळ्यांनी हिणवलं होतं. शेंबूड पुसायचा कसा हे शांतपणे कुणी शिकवलंच नव्हतं. ताराबाईंनी हा विचार मराठीत आणला, नूतन बालशिक्षण संघ उभा केला, आणि १९४५ मध्ये बोर्डीला गेल्यावर शाळा मुलांच्या अंगणातच नेली. अंगणवाडी ती हीच. पुढं १९५७ मध्ये अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पोरांत. तोंड धुणं, केस विंचरणं, नखं कापणं हे तिथं शिक्षा किंवा तपासणी म्हणून नव्हतं, दिवसाच्या कामाचा भाग म्हणून होतं, अक्षरओळखीइतकंच मानाचं. १९७५ मध्ये सरकारनं बालविकास योजना काढली तेव्हा अंगणवाडी देशभर गेली. नाव गेलं, खिचडी गेली. विंचरण्याचा तास किती ठिकाणी उरला ते आपण सगळे जाणतो.

दातांचं थोडक्यात सांगते, कारण तिथं आपला भाग अभिमान बाळगण्यासारखा नाही. राखुंडी, मीठ, कडुनिंबाची नाहीतर बाभळीची काडी, हे ठीक होतं. पण घरोघर बायका तव्यावर तंबाखू भाजून मिसरी करायच्या आणि तीच बोटावर घेऊन पोरींच्याही हिरड्यांवर फिरवायच्या. दात घासायच्या नावाखाली तंबाखूचं व्यसन लागलेल्या पोरी मी चौथीच्या वर्गात पाहिल्या आहेत. कुठल्याही तपासणीत हे पकडलं गेलं नाही, कारण दात घासलेले असायचे. शहरात तेव्हा माकडछाप काळी पावडर, नंजनगुडची गुलाबी पावडर, आणि ज्यांना परवडेल त्यांना बिनाका. बिनाकाच्या खोक्यात प्लास्टिकची चिमुकली जनावरं निघायची. सांगलीतल्या माझ्या आतेभावाकडं त्यांचा अख्खा कळप होता. तो पेस्ट संपवण्यासाठी दिवसातून कितीही वेळा दात घासायचा, आणि आत्याची नजर चुकली की नळी मोरीत पिळायचा. लालूच इतकंच काम करते.

मग आली २०००-०१ ची संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता मोहीम. ग्रामविकास मंत्री आमच्या तासगावचे, अंजनीचे आर. आर. पाटील. आबांच्या या मोहिमेनं जे केलं ते मी कमी लेखणार नाही. गावोगाव हागणदारीतून रस्ते सुटले. पण एक गोष्ट उलटी झाली आणि ती मला मजेची वाटते. इतकी वर्षं मोठी माणसं पोरांची नखं तपासत होती. आता पोरं पहाटे शिट्ट्या घेऊन मोठ्यांना उठवायला निघाली. गुड मॉर्निंग पथक म्हणायचे त्याला. तपासणाऱ्याच्या जागी आलं की मुलं स्वतःहून हात धुऊन येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. खिचडीच्या आधी रांगेत कोण साबण लावत नाही हे बघण्याचं काम मी वर्गातल्या सगळ्यात मळक्या पोराला दिलं होतं. महिन्याभरात त्याच्याइतका कडक आरोग्यमंत्री शाळेनं पाहिला नसेल. मात्र लाजवून झालेली स्वच्छता शिट्टी थांबली की थांबते, हेही पुढं दिसलंच.

आणि आता कडी. विश्रामबाग म्हणजे एके काळी सांगली आणि मिरज यांच्या मधला मोकळा भाग. १९४७ मध्ये इंजिनिअरिंग कॉलेज आलं, मग कॉलन्या, बंगले, १९९८ मध्ये महापालिका, आणि त्यानंतर आमच्यासारख्या सोसायट्या. प्रत्येक फ्लॅटला दोन बाथरूम, गिझर, शॉवर, दाराला आतून कडी. नातू अकरा-बारा वर्षांचा. तो आत जातो, शॉवर सोडतो, पाण्याचा आवाज दहा मिनिटं येतो, आणि बाहेर येतो तेव्हा केसांची टोकं ओली, पाठ कोरडी. सूनबाई दाराबाहेर उभी. "साबण लावलास का?" "हो." "दाखव." मग रडारड. पूर्वी हे 'दाखव' म्हणायला काकू होती, न्हावी होता, जोडीदार होता, शेजारीण होती. आता एकच माणूस पाणी तापवणार, ओरडणार, हुंगणार आणि वर प्रेमही करणार. ती दमेल नाहीतर काय?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभागातले आमचे नातेवाईक पोराबाळांसह विश्रामबागेत आमच्याकडं आले. चोहीकडं कृष्णेचं पाणी आणि नळाला थेंब नाही. टँकरच्या पाण्यातून दोन बादल्या आंघोळीला, आणि पोरं सहा-सात. गच्चीवर सगळ्यांना एकदम उभं केलं. नातू तेव्हा बालवाडीत. डोक्यावर पाणी म्हटलं की किंचाळणारा. तो स्वतः तांब्या घेऊन दुसऱ्यांच्या डोक्यावर ओतत होता आणि आपली पाळी कधी म्हणून विचारत होता. पूर ओसरला, पाहुणे गेले, नळाला पाणी आलं, आणि साहेब परत पहिल्यासारखे.

एक मात्र सांगायला हवं. काही मुलांना खरोखरच सोसत नाही. डोक्यावर पडणारं पाणी, पेस्टचा फेस, कंगव्याचा दात टाळूला लागणं. माझ्या वर्गात एक मुलगी होती, फणी लागली की तिचं अंग ताठ व्हायचं. तो हट्ट नव्हता. तिच्यासाठी केस बारीक कापणं, कोमट पाणी खांद्यावरून ओतणं, फेसाऐवजी मीठ, असे मार्ग काढावे लागले. अशा मुलाला हट्टी ठरवण्याआधी मुलांच्या डॉक्टरांना विचारा, त्यात कमीपणा नाही. बाकीच्यांच्या बाबतीत माझा सल्ला जुनाच आहे: काका, मामा, आजोबा, शेजारचा दादा, कुणालातरी ह्या कामात ओढा. आमच्याकडं सध्या सुट्टीच्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधला दहावीतला मुलगा नातवाला घेऊन पोहायला जातो. तिथं तलावात उतरण्याआधी साबण लावून आंघोळ करायचा नियम आहे. त्या दिवशी पाठ स्वच्छ असते.

जाता जाता एक विनंती. भाऊरावांच्या, पंतप्रतिनिधींच्या चरित्रांत देणग्या, समारंभ, भाषणं सगळं सापडतं. विहिरीवर कुणी कुणाची पाठ चोळली, एका साबणात किती जण न्हायले, उवा कशा गेल्या, हे फारसं सापडत नाही. साताऱ्याच्या, कऱ्हाडच्या, सांगली-मिरजेच्या वसतिगृहांतून राहिलेली माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत. तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्यांना विचारून दोन पानं लिहून घ्या आणि त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात नेऊन द्या.